अर्धे पुतळे बायकांचे

हलिमाभाभी समोरच्या बाईचं नाव विचारायच्या आधी तिचा हात बघायच्या. पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायच्या, अंगठा आत दाबायच्या, लाडू वळावा तसा सगळा हात एकदा चेपायच्या आणि म्हणायच्या, "सव्वादोन. बरं, नाव काय गं तुजं?" लोणंदच्या बाजारपेठेत मणेरांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि त्याच्याच मागच्या आळीत आमचं घर. त्यामुळे ओळख जुनी. बायका त्यांच्या लक्षात नावानं राहायच्याच नाहीत, बांगडीच्या मापानं राहायच्या. "ती बँकेतली सव्वादोन आली हुती." "शाळेतल्या दोन-सहाची बदली झाली म्हणं." आमच्या घरातला नंबर अडीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाभींनी माझ्या बायकोला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. "अडीच हाय का घरात?" असं दारातून विचारायच्या.

याच भाभी पन्नाशी ओलांडल्यावर एम.ए.ला आल्या. शिरवळच्या रस्त्याला आमचं विद्यापीठ आहे, खाजगी. मी तिथं लेखा विभागात आहे. पहिल्या दिवशी इतिहासाच्या विभागप्रमुख बाईंनी कौतुकानं हात पुढं केला, तो भाभींनी नेहमीप्रमाणे चेपला आणि भर वर्गात सांगितलं, "अडीच हाय मॅडम. पर साबण लावला तर दोन-सहाबी चढंल, येक नंबर बारीक." मॅडम दुसऱ्या दिवशी दोन-सहाच्या बांगड्या घालून आल्या.

सातवीत त्यांची शाळा सुटली होती. लग्न, दुकान, तीन मुली, मुलींची लग्नं असं सगळं उरकल्यावर त्यांनी दहावी दिली, मग बारावी, मग घरी बसून बी.ए. मी एकदा विचारलं, "भाभी, आता एम.ए. कशाला?"

"शिक्षान जितं संपतंय ना दादा, तितपतूर जाऊन बघायचंय मला."

"काय असणार तिथं?"

"काय म्हाईत. जाऊन येती आन सांगती तुमाला."

त्यांचे यजमान रज्जाकभाई शांत माणूस. त्यांनी एवढंच म्हटलं, "दुकानात गिऱ्हाइकाला इतिहास सांगती, कालेजात जाऊन बांगड्या सांगंल. कुटं ना कुटं बरोबर बसंल."

आता विद्यापीठातल्या पुतळ्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. आवारात नऊ पुतळे आहेत. संस्थापकांचे स्वतःचे तीन, वडिलांचे दोन, एक चुलत्यांचा, एक सासऱ्यांचा (जमीन त्यांची), एक त्यांना कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांचा. हे झाले आठ. नववा कोणाचा हे कोणालाच माहीत नाही. फेटा आहे, मिशा आहेत, हातात काठी आहे, पाटी नाही. पाटी लावायची राहून गेली आणि ज्यांना माहीत होतं ते निवृत्त झाले. मुलं त्याला 'पाव्हणा' म्हणतात. स्थापनादिनाला आठ पुतळ्यांना हार घातला जातो आणि उगाच पुढे काही निघायला नको म्हणून पाव्हण्यालाही. संस्थापकांचा तिसरा पुतळा घोड्यावर आहे. ते हयातीत कधी घोड्यावर बसलेले नव्हते, लग्नातसुद्धा जीप होती. पण शिल्पकाराकडे कोणाच्या तरी रद्द झालेल्या कामाचा घोडा तयार पडलेला होता. म्हणून घोडा सरळ बघतो आणि संस्थापक डावीकडे बघतात.

मुलं एकमेकांना पत्ते पुतळ्यांवरून सांगत. "दुसऱ्या फेट्यापाशी ये." "नाही, काठीवाल्या फेट्यापाशी." निम्मी मुलं चुकीच्या फेट्यापाशी जाऊन उभी राहत. चळवळ सुरू झाली ती तिथून. प्रणाली नावाची एक मुलगी होती, कवठे महांकाळकडची, वसतिगृहात राहणारी, भाभींच्याच वर्गातली. ती एक दिवस चिडून म्हणाली, "एवढ्या मोठ्या आवारात सगळे पुतळे एकाच घरातले. दुसरी माणसं जन्मालाच आली नाहीत का?" चार डोकी जमली, मग चाळीस. धनगराचा का नाही, कुंभाराचा का नाही, कारखान्यात राबणाऱ्यांचा का नाही. बाई तर एकही नाही. सभा पाव्हण्याच्या चौथऱ्यावर भरायची, कारण तिथं बसल्यानं कोणाचाच अपमान होत नव्हता.

भाभींचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. त्या लोणंदच्या बसची वाट बघत तिथल्या लिंबाच्या सावलीत बसायच्या. मुलांचं फलकावर काय लिहायचं यावरून भांडण चाललं होतं. प्रणालीनं लिहिलं होतं, 'परिसरातील स्मारकशिल्पांमध्ये समाजाच्या सर्व घटकांना न्याय्य व सर्वसमावेशक प्रतिनिधित्व मिळालेच पाहिजे.'

भाभी म्हणाल्या, "आगं, ह्ये वाचंस्तवर बस निघून जाईल की."

"मग तुम्ही सांगा चाची, काय लिहू?"

"धनगर ल्हिवा, कुंभार ल्हिवा, मणेर ल्हिवा. सगळ्यांची नावं घातली तर तुमचा बोर्ड पाचगणीपतूर जाईल. ह्या समद्या जातीत बाया हायत का न्हाईत?"

"आहेत."

"मग बायाच मागा. येका मागणीत समदे येत्यात."

"किती मागायच्या?" एका मुलानं विचारलं.

"निम्म्या. घरात किती अस्त्यात? निम्म्याच की."

आणि त्यांनी स्वतः ब्रश घेऊन फलकावर लिहिलं. अक्षर दुकानाच्या पाटीसारखं ठसठशीत: अर्धे पुतळे बायकांचे पाहिजेत. 'निम्मे' लिहायचं सोडून 'अर्धे' का लिहिलं असं मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "जोडाक्षर हुतं दादा. ब्रश जाड हुता. अर्ध्याचा रफार काय, वरनं मारला की झालं."

त्या दिवसापासून भाभी चळवळीत ओढल्या गेल्या. धरणं सुरू झालं आणि त्यांना मध्यभागी बसवलं, कारण वयानं मोठी बाई मध्ये बसलेली असली की पहारेकरी ओरडायला धजत नव्हते. त्यातले दोघे तर त्यांच्याकडून बायकोसाठी बांगड्या नेणारे. बायका कोणकोणत्या हव्यात यावरून मुलांची रोज भांडणं होत. एकाला परिचारिका हवी, एकाला सैनिकाची बायको, धनगराच्या मुलाला मेंढरं राखणारी आजी, तालमीत जाणाऱ्या दोघींना महिला पैलवान. प्रणालीला ऊस तोडणारी बाई हवी होती. तिची आई दरवर्षी हंगामाला कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जाते. शेवटी नऊ बायका ठरल्या. नऊ पुरुषांना नऊ बायका, म्हणजे बरोबर निम्म्या. मी हिशेब तपासून दिला होता, बरोबर होता.

विद्यापीठानं यावर एक समिती नेमली. पुतळा म्हटलं की खर्च आला, म्हणून लेखा विभागातून मी. कुलसचिव अध्यक्षस्थानी. त्यांनी फलकाचा फोटो टेबलावर ठेवला, दोनदा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं.

"अर्धे मागतायत. मला वाटलं होतं पूर्ण मागतील. पोरं समंजस आहेत."

मी म्हणालो, "साहेब, अर्धे म्हणजे निम्मे, संख्येनं. अर्धपुतळे असा अर्थ नसावा."

"काय लिहिलंय ते वाचा ना. 'अर्धे पुतळे बायकांचे.' बायकांचे पुतळे कसे हवेत? अर्धे. स्पष्ट आहे."

मी माझं म्हणणं सोडलं नाही, तेव्हा विषय मराठी विभागाकडे अभिप्रायासाठी गेला. मराठी विभागानं दोन पानी अभिप्राय पाठवला. त्याचं सार असं, की 'अर्धे' हे विशेषण संख्या आणि आकार दोन्ही दाखवू शकतं, व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ शुद्ध आहेत आणि अंतिम निर्णय संदर्भावर सोपवावा. कुलसचिव म्हणाले, "म्हणजे आपलंच शुद्ध आहे." ठराव झाला: नऊ स्त्रियांचे अर्धपुतळे मंजूर. मी माझी असहमती नोंदवली. ती इतिवृत्तात 'सूचना' म्हणून आली.

चेहरा कोणाचा हा प्रश्न निघालाच. कोणाचाही ठेवला तरी कोणीतरी रागावणार. म्हणून शिल्पकाराला कळवलं गेलं, की कोणासारखाही दिसणार नाही असा चेहरा करावा. शिल्पकार व्यवहारी होता. कोणासारखाही न दिसणारा चेहरा त्यानं एकदाच केला आणि त्याच साच्यातून नऊ काढले.

अनावरणाच्या दिवशी पडदे ओढले गेले आणि आवारात एकच बाई नऊ ठिकाणी प्रकट झाली. कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर, ओठांवर अर्धवट हसू. खाली पाट्या वेगवेगळ्या: परिचारिका. वीरपत्नी. मेंढपाळ आजी. आजीलाही सुरकुती नव्हती. महिला पैलवान. ऊसतोड कामगार. चौथरे पुरुषांच्या शेजारीच बांधले होते, पण बायका छातीपर्यंतच असल्यामुळे प्रत्येकीचं डोकं शेजारच्या पुरुषाच्या कमरेला आलं होतं. महिला पैलवान घोड्याच्या पुढच्या खुराशी होती. पाव्हण्यालाही एक मिळाली. पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि मुलं नुसती बघत होती.

हलिमाभाभी एकेका पुतळ्यापाशी जाऊन मागून-पुढून फिरून आल्या. मग माझ्याकडे आल्या.

"दादा, ह्येंचं हात कुटं हायत?"

"अर्धपुतळ्याला हात नसतात भाभी. छातीपर्यंतच असतो तो."

"आन पाय?"

"पाय तर नसतातच."

"मग ही ऊस कशानं तोडती?"

त्यांनी घोड्याकडे बोट दाखवलं.

"पैलवान शड्डू कशावर ठोकंल? नर्सबाई सुई कशी टोचंल? दादा, आमी अर्ध्या बाया न्हाई मागितल्या. बायांचा अर्धा वाटा मागितला हुता."

"मी समितीत तेच सांगितलं होतं."

"मग?"

"व्याकरणानं दोन्ही बरोबर निघालं."

"चूक माझीच हाय म्हणा की. जोडाक्षराला भ्याले." आणि मग त्यांचं लक्ष प्रणालीकडे गेलं. ती पोरगी एरवी तावातावानं बोलणारी. 'ऊसतोड कामगार' या पाटीसमोर ती उभी होती, हातात मोबाईल होता. आईला फोटो पाठवते असं सकाळपासून म्हणत होती. तिनं फोटो काढलाच नाही. मोबाईल पिशवीत टाकला आणि वसतिगृहाकडे निघून गेली. भाभी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. नंतर जे झालं ते मला वाटतं तिथंच ठरलं.

पुढच्या आठवड्यात कुलसचिवांनी भाभींना कार्यालयात बोलावलं. मी बिलांच्या सह्यांसाठी तिथंच होतो. साहेब अगदी गोड बोलत होते. संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव, येणार होते. कृतज्ञता समारंभ ठेवला होता. विद्यार्थ्यांच्या वतीनं कोणीतरी जाहीर आभार मानायचे होते, म्हणजे मागणी पूर्ण झाली असं वर्तमानपत्रात देता आलं असतं.

"तुम्ही वयानं मोठ्या आहात. मुलं तुमचं ऐकतात. दोन शब्द बोला फक्त."

"मला काय बोलता येत न्हाई सायेब."

"एकच वाक्य म्हणा. 'मी विद्यापीठाचे मनापासून आभार मानते.' झालं." मग त्यांनी टेबलावरचा कागद थोडा पुढं सरकवला. "आणि तुमची हजेरी कमी भरतेय भाभी. धरण्यात गेली ना. पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली परीक्षेला बसता येत नाही. पण ते मी बघतो. आभारांचं तेवढं तुम्ही बघा."

ही शेवटची परीक्षा होती. ती दिली की एम.ए. त्या दिवशी लोणंदला परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. खंडाळ्याच्या फाट्यापर्यंत त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, "येक वाक्य हाय. आठवून बघितलं. तीन सेकंदात संपतंय."

"मग म्हणून टाका भाभी. एवढी वर्षं घातलीत."

"व्हय. हेबी तेच म्हणतील."

रज्जाकभाई तेच म्हणाले. रात्री जेवून मी सहज दुकानाकडे गेलो होतो. ते खोकी आवरत म्हणाले, "गिऱ्हाईक वाईट बोललं तरी आपुन 'पुन्हा या' म्हणतोच की. त्यानं तोंड झिजतंय व्हय?" प्रणालीसुद्धा दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणाली, "चाची, तुम्ही परीक्षा द्या. आभार मी मानते पाहिजे तर."

"तू मानशील," भाभी म्हणाल्या, "आन आईला घरी गेल्यावर काय सांगशील?"

समारंभाला मंडप भरलेला होता. अध्यक्ष पहिल्या खुर्चीत. कुलसचिवांनी भाभींचं नाव पुकारलं आणि लांबलचक परिचय करून दिला, त्यात 'सामाजिक सलोखा' तीनदा आला. भाभी माईकपाशी गेल्या. पदर सारखा केला. घसा साफ केला. आणि स्वच्छ, सावकाश म्हणाल्या,

"मी विद्यापीठाचे मनापासून आ."

आणि जागेवर जाऊन बसल्या.

आधी सगळ्यांना माईक बंद पडला असं वाटलं. माईकवाल्यानं वायर हलवून बघितली. कुलसचिव ध्वनिक्षेपकातून म्हणाले, "हॅलो, हॅलो. मणेरबाई, वाक्य पूर्ण राहिलं तुमचं."

भाभी खुर्चीतूनच म्हणाल्या, "व्हय सायेब. अर्धंच म्हटलं."

"पुढचं?"

"तुमी बाई पुरी करा, मी शबुद पुरा करती. तवर पुढचा भार तुमच्याकडं ऱ्हावू द्या."

'आभार'मधला 'आ' काढला की खाली काय उरतं हे मराठी विभागाला आधी कळलं. त्यांच्या रांगेतून हसू फुटलं आणि मग सगळा मंडप हसू लागला. अध्यक्षांना उशिरा कळलं, तोवर ते इतरांबरोबर हसत होते, त्यामुळे त्यांना मध्येच थांबता येईना. दुसऱ्या दिवसापासून आवारात कोणीही कोणाचे आभार मानेना. कॅन्टीनमध्ये चहा दिला की मुलं तोंड उघडून नुसतं "आ" करत.

परीक्षेच्या यादीत भाभींचं नाव आलं नाही. नियमाप्रमाणे त्यात चूक काढता येत नव्हती. मी टक्केवारी स्वतः दोनदा काढून बघितली, वाढली नाही. परीक्षेच्या दिवसांत भाभी दुकानात बसल्या होत्या. वर्गातली मुलं पेपर झाल्यावर लोणंदला येऊन त्यांना प्रश्नपत्रिका दाखवायची. त्या काचेच्या कपाटाला टेकून एकेक प्रश्न वाचायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये येत हुतं. ह्येबी येत हुतं." एकदा माझी बायको तिथं होती. ती सांगते, की तिसऱ्या प्रश्नाला भाभींनी कागद उलटा ठेवला आणि उगाचच सगळं कपाट पुसून काढलं.

मग वैशाख आला आणि गोष्ट अशा वळणावर आली, की मला तेव्हाही खरं वाटत नव्हतं. कुलसचिवांच्या मुलीचं लग्न निघालं. ते राहायला लोणंदलाच, आणि आमच्या गावात नवरीला हिरवा चुडा भरायचा तर मणेरांच्या घरचीच बाई लागते. रज्जाकभाईंच्या आईनं कुलसचिवांच्या बायकोला भरला होता. साहेबांच्या घरात तीन दिवस चर्चा चालली, की ही बाई एकाच हातात चुडा भरून निघून जाणार. नवरीची आत्या रडायला लागली. शेवटी साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही शेजारी आहात. जरा अंदाज घ्या. साताऱ्याहून दुसरं कोणी बोलवायचं का?"

मी जाऊन भाभींना विचारलं. त्यांनी फक्त विचारलं, "पोरीचा नंबर बदललाय का? ल्हानपणी लय बारीक हुती."

चुडा भरायच्या दिवशी माझ्या बायकोबरोबर मीही गेलो होतो. एरवी असल्या कार्यक्रमाला पुरुष माणूस फिरकत नाही. त्या दिवशी सगळे पुरुष काही ना काही निमित्तानं दारात घुटमळत होते. भाभींनी मुलीचा उजवा हात घेतला, चेपला, "सव्वादोनच" म्हणाल्या आणि बांगड्या चढवायला लागल्या. एकही फुटली नाही. उजवा हात भरून झाला. त्यांनी तो खाली ठेवला, कंबर ताठ केली आणि म्हणाल्या, "जरा चा मिळंल का?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. चहा आला. भाभी बशीत ओतून, फुंकर घालत, अगदी निवांत चहा प्यायल्या. साहेब दारात उभे होते, त्यांच्या कपाळावर घाम आला होता. कपबशी बाजूला ठेवून भाभींनी डावा हात घेतला आणि तोही भरला. शेवटची बांगडी चढल्यावर मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली.

साहेब पुढं आले. "भाभी, आम्हाला वाटलं…"

"काय वाटलं?"

"म्हणजे, दोन्ही हात भरलेत तुम्ही."

"मग? काम अर्ध्यात सोडायला मी काय विद्यापीठ हाय व्हय?"

आधी नवरी हसली, म्हणून मग सगळ्यांना हसता आलं. साहेबही हसले, कसेबसे. निघताना ते आमच्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा आहे. बसा तुम्ही. आभाराचं राहू द्या. मी बघतो." हे मी स्वतः ऐकलं आहे आणि ते मनापासून म्हणत होते, हेही सांगितलं पाहिजे.

भाभी म्हणाल्या, "आता न्हाई सायेब. सांगलीला नाव घातलंय."

"सांगलीला? मग इथली दोन वर्षं?"

"ऱ्हावू द्या हितंच. म्या पयल्यापासनं करनार. अर्ध्यातनं काय घ्याचं न्हाई असं ठरवलंय."

आणि खरंच दोन वर्षं त्या सांगलीला जात राहिल्या. प्रणालीची मावशी तिथं राहते, आठवड्यातले चार दिवस तिच्याकडे. सोमवारी लोणंदहून गाडीत बसायच्या, गुरुवारी परतायच्या. डब्यात शेजारी कोण बसलं ते आम्हाला नंबरासकट कळायचं. रज्जाकभाई दुकान सांभाळायचे आणि बायकांच्या हाताकडे न बघता बांगड्या द्यायचे, त्या निम्म्या परत यायच्या. पुतळ्यांचं म्हणाल तर ते अजून तसेच आहेत. बाई पुरी झालेली नाही. मुलं आता पत्ते मात्र बरोबर सांगतात: "पैलवानबाईपाशी ये." पाट्या वेगळ्या असल्यामुळे चुकत नाहीत.

यंदा त्या एम.ए. झाल्या, दुसऱ्या वर्गात. सांगलीच्या कॉलेजनं उत्तीर्ण झालेल्यांचा छोटासा कार्यक्रम ठेवला होता. रज्जाकभाई, त्यांच्या तिन्ही मुली, प्रणाली, मी आणि माझी बायको असे सगळे गेलो होतो. कॉलेज जुनं आहे, आवारात एक गुलमोहर आणि सायकलींचा तळ. पुतळा एकही नाही, हे मी आत शिरतानाच बघून घेतलं. प्राचार्यांनी भाभींना चार शब्द बोलायला उभं केलं. रज्जाकभाईंनी माझा दंड धरला.

"मी ह्या कालेजाचे मनापासून आभार मानते," भाभी म्हणाल्या.

रज्जाकभाईंनी हात सोडला. पण भाभी थांबल्या नाहीत. त्यांनी वर्गातल्या सरांचे आभार मानले. मग ग्रंथालयातल्या बाईंचे, त्यांनी पुस्तक उशिरा आणलं तरी कपाळाला आठी घातली नाही म्हणून. मग शिपाईमामांचे, प्रणालीच्या मावशीचे, मावशीच्या सासूचे, कारण तिनं पहाटे अभ्यासाला दिवा लावू दिला. मग रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाचे, जिना चढताना पिशवी धरणाऱ्या एका दोन-सहाचे, रज्जाकभाईंचे, आणि त्यांनी चुकीच्या मापाच्या दिलेल्या बांगड्या गुपचूप बदलून घेणाऱ्या लोणंदच्या समस्त बायकांचे. मुलं आधी हसली, मग टाळ्या वाजवायला लागली, मग घड्याळाकडे बघायला लागली. मागे चहा निवत होता.

शिक्षण संपतं तिथं काय असतं असं मी विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, जाऊन येते आणि सांगते. त्यांनी ते अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी विचारणार होतो, पण त्यांचं बोलणंच संपेना. शेवटी प्राचार्य उठले, हसत माईकपाशी आले आणि प्रेमानं म्हणाले, "चाची, पुरे आता."

भाभींनी माईक दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"व्हय सर," त्या म्हणाल्या, "पुरेच मानतीया."